दुसऱ्या टोकाला

“ओढू का?” जिन्याखालून बाबांचा आवाज आला.

“थांबा, अजून टोक दिसत नाहीये.”

वरच्या खोलीत भिंतीतल्या डबीचं झाकण काढून मी आत टॉर्च मारत बसले होते. खाली जिन्याखालच्या कपाटात, गुडघे पोटाशी घेऊन, बाबा बसले होते. त्यांनी पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग वर सरकवली होती आणि ती मध्येच एका वळणावर अडली होती. त्यांनी ती जराशी मागे घेतली, फिरवली, पुन्हा ढकलली. भिंतीत खरडल्यासारखा आवाज झाला आणि स्प्रिंगचं टोक माझ्यासमोर आलं. केबल तिच्या कडीत अडकवून मी वर काळी टेप घट्ट गुंडाळली.

“हं, ओढा आता.”

“दोन झटके दिले की सोड. एक दिला की थांब,” बाबा म्हणाले. मग आम्ही बोललोच नाही. केबल माझ्या हातांतून सरकत राहिली, थांबत राहिली, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला नेमकं काय हवंय ते बोटांना कळत राहिलं.

ऑगस्टचे दिवस होते. अमवाजला या दिवसांत समुद्रावरची दमट हवा इतकी जड असते की सकाळी खिडक्यांच्या काचांवर बाहेरून पाणी धरतं. अमवाज म्हणजे अरबीत लाटा. बहरीनमधल्या मुहर्रकच्या ईशान्येला समुद्रात भर घालून ही बेटं तयार केली. कडेला वाळू भरलेल्या मजबूत कापडी नळ्यांचे बांध घातले आणि आत जमीन उचलली. नकाशावर पूर्वी इथे फक्त उथळ पाणी होतं. आता पुलावरून गाडीने यायचं, खाडीकाठच्या हॉटेलांवरून वळायचं, की आमची भाड्याच्या घरांची ओळ लागते. घरं चांगली आहेत, भिंती जाड आहेत. उन्हाळ्यासाठी त्या तशाच हव्यात, पण वायफाय त्यांच्यातून नीट जात नाही.

प्रिंटर वरच्या खोलीत, राउटर जिन्याखाली. माझं हिशेबाचं काम वरच्या खोलीत चालतं, त्यामुळे प्रिंटरची जागा बदलणं शक्य नव्हतं. दोन दिवस तो बरा चालायचा. तिसऱ्या दिवशी झोपेतून जागा व्हायचा तो नेटवर्क हरवूनच. लॅपटॉप म्हणायचा, प्रिंटर सापडत नाही. आणि प्रिंटर तर तीन फुटांवर, दिवा लावून बसलेला असायचा. रोजच्या एक-दोन कागदांसाठी मी हे सहन केलं असतं. पण गणपती बारा दिवसांवर आला होता.

इथल्या आमच्या मराठी कुटुंबांच्या गणपतीत आरतीच्या प्रती छापायचं काम माझ्याकडे असतं. साठ प्रती, प्रत्येकी सहा पानं. मुलं इथेच वाढलेली, आरत्या पाठ नाहीत. मोबाइलवर बघून म्हणा म्हटलं तर दुसऱ्या कडव्यापर्यंत बोट भलतीकडे सरकलेलं असतं. हातात कागद असला की मात्र शेवटपर्यंत म्हणतात, अक्षरावर बोट ठेवून म्हणतात. आदल्या वर्षी एकशे चाळिसाव्या पानावर प्रिंटर नेटवर्कवरून नाहीसा झाला होता आणि रात्री साडेअकराला मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसले होते.

बाबा जुलैअखेर डोंबिवलीहून आले. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं, वरच्या खोलीतली डबी बघितली, कपाटातली डबी बघितली, आणि म्हणाले, “फिरणाऱ्या माणसाला हवेतून हाक मारावी. हा तर एका जागी बसलेला आहे. याला तार दे.”

बाबा मुंबईच्या टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. 1986 च्या एप्रिलमध्ये खात्याचं महानगर टेलिफोन निगम झालं तेव्हा ते परळ-लालबागच्या बाजूला होते. जॉइंटर म्हणजे काय ते आज सांगावं लागतं. रस्त्याखालच्या एका केबलमध्ये शेकडो जोड्या असतात, त्यांना ते ‘पेअर’ म्हणत. केबल तुटली, कुदळीने कापली गेली, तिच्यात पाणी शिरलं, की मॅनहोलमध्ये उतरून ती प्रत्येक जोडी तिच्याच जोडीला पुन्हा जोडायची. जुन्या केबलींत तांब्याच्या तारेवर कागदाचं वेष्टण आणि बाहेर शिशाचं आवरण असायचं. त्या कागदात ओल आहे का हे कळायला जॉइंटर त्याचा तुकडा तापलेल्या मेणात टाकत. चरचरला तर ओल आहे. पुढे जेली भरलेल्या केबली आल्या, तारांना रंगीत प्लास्टिक आलं, आणि रंगांचा क्रम आला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. लहानपणी मी आणि माझा भाऊ हा क्रम पाढ्यांसारखा म्हणत असू.

पण कागदी केबलीत रंगांचा असा आधार नसायचा. शेकडो सारख्या दिसणाऱ्या तारांतली नेमकी जोडी शोधायला दोन माणसं लागत. एक या मॅनहोलमध्ये, दुसरा पुढच्या पिलरपाशी किंवा एक्स्चेंजमध्ये. एकाने जोडीवर बॅटरी लावायची, दुसऱ्याने हातातला फोन एकेका जोडीवर टेकवत जायचं. खरखर ऐकू आली की म्हणायचं, “हॅलो, मिळाली.” बाबांची निम्मी नोकरी या ‘हॅलो, मिळाली’त गेली. पलीकडचा माणूस दिसत नसे. पावसात तो कंटाळून चहाला गेला तर इकडचा गुडघाभर पाण्यात बसून राही. म्हणून जॉइंटरांच्या जोड्या वर्षानुवर्षं बदलत नसत, बाबा सांगतात. बाबा निवृत्त झाले त्यानंतर काही वर्षांनी, 31 जानेवारी 2020 ला, निगमच्या 14 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात त्यांनी हाताखाली शिकवलेली मुलं होती. त्या दिवशी बाबांचा फोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजत होता.

केबल खाली पोचल्यावर आम्ही चहा घेतला. तेव्हा मी त्यांना पालो अल्टोची गोष्ट सांगितली.

1973 साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘अल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. एकेका माणसाच्या टेबलावर एकेक यंत्र ठेवायचं, ही तेव्हा नवी गोष्ट होती. त्याच केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला होता. तो सेकंदाला एक पान छापू शकत होता, इंचाला पाचशे ठिपक्यांच्या बारकाईने. असं यंत्र प्रत्येकाला देणं शक्य नव्हतं. एकच असणार आणि सगळ्यांनी ते वापरायचं. पण तेव्हाच्या संथ तारांनी त्याला पान पुरवायचं तर प्रिंटर नुसता वाट बघत बसला असता. सगळी यंत्रं जोडण्याचं काम बॉब मेटकाफ यांच्याकडे आलं. 22 मे 1973 ला त्यांनी एक टिपण लिहिलं: इमारतीतून एकच केबल फिरवायची, सगळी यंत्रं तिला जोडायची, आणि ज्याला बोलायचं असेल त्याने केबल मोकळी बघून बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं आणि थोड्या वेगवेगळ्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. प्रकाश ज्या सर्वव्यापी ईथरमधून प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, त्याचं नाव त्यांनी या केबलला दिलं. 1887 च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगात त्या ईथरचा मागमूस लागला नव्हता, पण नाव छान होतं. डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. वेग सेकंदाला 2.94 मेगाबिट. आज जगभरच्या कचेऱ्यांत, बँकांत, इस्पितळांत जे इथरनेट आहे त्याचा उगम हा. मेटकाफ यांना त्यासाठी 2022 सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

बाबांनी कप खाली ठेवला. “म्हणजे ही तार प्रिंटरपायीच जन्माला आली.”

खरंच तसं आहे. मोठी कारणं मागाहून आली. सुरुवातीला गरज होती ती पुष्कळ माणसांचे कागद एका प्रिंटरपर्यंत पोचवण्याची. आमच्या घरातही चार लॅपटॉप-मोबाइल आणि एकच प्रिंटर आहे. हे कळल्यापासून प्रिंटरला वायफायवर ठेवणं मला चुकीचं वाटू लागलं.

केबलच्या टोकांना प्लग लावायचं काम बाबांनी मागून घेतलं. क्रिंपिंग टूल मी मनामाहून आणलं होतं. त्यांनी वरचं आवरण सोललं, आत चार जोड्या, आठ तारा. चष्मा कपाळावर सरकवून, तारा डोळ्यांपाशी धरून त्यांनी त्या ओळीने लावल्या: निळ्याची जोडी, नारिंगीची, हिरव्याची, तपकिरीची. दोन्ही टोकांना अगदी तसंच. टेस्टर लावला, दिवे एक ते आठ क्रमाने लागले. प्रत्येक तार तिच्याच जागी पोचली होती. मी प्रिंटरच्या मेनूत वायरलेस बंद करून वायर्ड निवडलं. पुष्कळ प्रिंटरना हे सांगावं लागतं, दोन्ही एकदम ते चालवत नाहीत. केबलच्या खाचेतला हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. नेटवर्कची माहिती देणारं पान छापलं तर त्यावर पत्ता होता 169.254 ने सुरू होणारा.

हा पत्ता ज्याने बघितला आहे त्याला माहीत असतं. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो. आमच्या घरात तो 192.168 ने सुरू होतो. यंत्राने पत्ता मागितला आणि कुणीच उत्तर दिलं नाही, तर ते स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतं, 169.254 चा. त्या पत्त्यावर त्याला कुणी भेटायला येत नाही. म्हणजे तार होती, दिवाही अधूनमधून लागत होता, पण हाक पलीकडे धड पोचत नव्हती.

मी राउटर बंद-चालू केला. पोर्ट बदललं. दुसऱ्या छोट्या केबलने लॅपटॉप त्याच पोर्टला लावून बघितला, तो उत्तम चालला. दोष केबलमध्येच होता, आणि टेस्टर तर म्हणत होता की केबल ठीक आहे. मी मोबाइलवर प्लगच्या तारांचा नकाशा उघडला आणि बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फाकलेली: एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या.

“अगं, आपलं स्प्लिट झालंय,” बाबा म्हणाले.

स्प्लिट पेअर हा जॉइंटरांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून असतात, ते उगीच नाही. शेजारच्या तारेतून येणारा त्रास दोघींना सारखाच लागतो आणि पलीकडे तो वजा होतो. 1881 साली ग्रॅहॅम बेल यांनी याचंच पेटंट घेतलं. पण जोडणाऱ्याने एका जोडीतली एक आणि दुसऱ्या जोडीतली एक अशा तारा घेऊन नवी जोडी केली, तर प्रवाह बरोबर पोचतो, बॅटरी लावली तर खरखरही ऐकू येते, पण पीळ कामाचा राहत नाही. मग एकाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरतं. लालबागच्या एका चाळीत, बाबा सांगत होते, वाण्याच्या फोनवर वरच्या मजल्यावरच्या बाईंचं माहेरचं बोलणं ऐकू येई. सगळी तपासणी बरोबर निघायची. शेवटी एक जॉइंट पूर्ण उघडून बाबांनी ते स्प्लिट शोधलं. पाच तास लागले होते.

आमच्या प्रिंटरला हवी होती एक जोडी पहिल्या-दुसऱ्या जागी आणि दुसरी तिसऱ्या-सहाव्या जागी. बाबांनी तारा ओळीने जोडीला जोडी लावल्या होत्या, टेलिफोनच्या शिस्तीने. त्यामुळे तिसऱ्या आणि सहाव्या जागी आल्या होत्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा. हातभर केबल असती तर कदाचित चाललंही असतं. बावीस मीटरमध्ये चाललं नाही.

“पण तीन आणि सहा का?” त्यांनी विचारलं. “शेजारी शेजारी का नाही लावली?”

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते त्यांना सांगायला मिळालं याचा मला आजही आनंद आहे. टेलिफोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन नेहमी मधल्या दोन जागांवर येते. संगणकाचं नेटवर्क टेलिफोनच्याच जातीच्या पीळ घातलेल्या तारांवर आलं (1990 मध्ये त्याचं मानक ठरलं), तेव्हा मधल्या दोन जागा, चौथी आणि पाचवी, फोनसाठी मोकळ्या सोडल्या. बाकीच्या जोडीला त्यांच्या दोन बाजूंनी बसवलं. म्हणून हिरवी जोडी फाकलेली आहे. मधे बसलेली आहे ती निळी. आमच्या प्रिंटरसारखं शंभर मेगाबिटचं यंत्र नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच जोड्या वापरतं. निळीला हातही लावत नाही.

बाबांनी कापून टाकलेला प्लग हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

“निळी म्हणजे आपली पहिली पेअर,” ते म्हणाले. “अजून जागा धरून ठेवली आहे तिची.”

त्यांनी दोन्ही टोकं पुन्हा केली. या वेळी मी रंग वाचत होते आणि ते लावत होते. हिरवा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. पानावर पत्ता आला, 192.168 चा. राउटरमध्ये जाऊन मी तो प्रिंटरच्या नावाने राखून ठेवला. नाहीतर राउटर पत्ते मुदतीने देतो, आणि मुदत संपल्यावर तोच पुन्हा मिळेल याची खात्री नसते. त्या मुदतीला इंग्रजीतही भाडेपट्ट्याचाच शब्द आहे. इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो कळतो: घराचा करार मुदतीचा, व्हिसा मुदतीचा, सीपीआर या इथल्या ओळखपत्रावरचा पत्ता घर बदललं की बदलायचा. फ्लॅट, इमारत, रस्ता, ब्लॉक, असे चार आकडे. वीस वर्षांत माझे पाच पत्ते झाले. प्रिंटरला एक कायमचा मिळाला.

केबल ओढायच्या दोनच दिवस आधी आम्ही बाबांना मुहर्रकला मोत्यांच्या जुन्या वाटेवर नेलं होतं. तिथली घरं, किनारा आणि समुद्रातल्या शिंपल्यांच्या जागा 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इथले मोती एके काळी मुंबईच्या बाजारात विकायला जात. पाणबुड्या पायाला दगडाची दोरी लावून खाली जाई, आणि दुसरी दोरी त्याच्यापासून वर नावेपर्यंत असे. ती धरणाऱ्याला ‘सैब’ म्हणत. पाणबुड्याचा श्वास संपत आला की तो दोरीला झटका देई आणि सैब त्याला वर खेचून घेई. बाबा तिथे फारसं बोलले नाहीत. केबल ओढताना एक झटका, दोन झटके ही खूण ते खात्यात शिकले होते की त्यांना ती मुहर्रकमध्ये सुचली, मी विचारलं नाही. पाणबुड्या नेहमी आपल्या विश्वासाच्या सैबबरोबरच जाई, एवढं मात्र ते घरी आल्यावर दोनदा म्हणाले.

मुंबई आणि हे आखात तारेनेही जुने शेजारी आहेत. 1864 मध्ये आखाताच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल पडली. ती इंग्लंडहून शिडाच्या जहाजांतून आधी मुंबईला आली होती. 2006 पासून फाल्कन नावाची समुद्राखालची केबल बहरीन आणि मुंबईला जोडते. 2008 च्या फेब्रुवारीत ती दुबई आणि ओमानच्या मधे तुटली, त्याच आठवड्यात इजिप्तजवळच्या दोन केबलीही तुटल्या, आणि आखातापासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावलं. तेव्हाही कुठे तरी समुद्रात जहाजावर दोन्ही टोकं उचलून जॉइंटर बसले असतील. काम तेच, तारेऐवजी काचेचे धागे.

रात्री जेवणानंतर मी आरत्या छापायला लावल्या. तीनशे साठ पानं. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि गठ्ठे लावत गेले, सहा-सहा पानांचे, कोपऱ्यात पिन मारून. मधे एकदा कागद संपला, एकदा शाई पुसट झाली. नेटवर्क एकदाही गेलं नाही. माझी मुलगी झोपायच्या आधी आली, एक प्रत उचलून तिने मोठ्याने वाचली, दोन ठिकाणी अडली, आजोबांनी सांगितलं, पुढे गेली.

मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी बाबांनी चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले, पेनने लिहिलं आणि केबलच्या दोन्ही टोकांना गुंडाळले. जॉइंटर काम संपवताना असंच करतात. खालच्या पट्टीवर लिहिलं आहे, ‘वर प्रिंटर, 22 मी.’ वरच्या पट्टीवर, ‘खाली जिना, राउटर. निळी पेअर रिकामी.’